कायद्याचे संशोधन : एका जुन्या निवाड्याच्या निमित्ताने

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे पुढे काय शिकावे याची चर्चा घरोघरी सुरू होते. वैद्यक, अभियांत्रिकी, वाणिज्य ही नावे आधी निघतात. कायद्याचे नाव निघालेच, तर डोळ्यांपुढे उभा राहतो तो काळा डगला घालून न्यायासनापुढे तावातावाने बोलणारा वकील. "आमचा बंडू फार वाद घालतो, त्याला वकीलच करावा," असे थट्टेने म्हणणारे पालक आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. परंतु न्यायालयात जे तासाभरात बोलले जाते, त्याच्या पाठीशी कित्येक दिवसांचे शोधणे, वाचणे आणि पडताळणे असते. हे शोधणे म्हणजेच कायद्याचे संशोधन. विद्यापीठात त्याचे रीतसर शिक्षण दिले जाते. ते कशासाठी, आणि त्यात नेमके काय शिकवितात, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कायदा म्हणजे छापील पुस्तक आणि ते पाठ केले की कायदा आला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः कायदा एका ठिकाणी नसतोच. काही भाग विधिमंडळाने केलेल्या अधिनियमांत असतो, काही सरकारच्या नियमांत, काही न्यायालयांनी वेळोवेळी दिलेल्या निवाड्यांत, तर काही लोकांच्या रूढीतही असतो. समोर एखादा प्रश्न आला की त्याचे उत्तर या सर्व ठिकाणी हिंडून गोळा करावे लागते. असे करताना संशोधकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावयाचे असतात. हा नियम आला कोठून? तो आज टिकून आहे काय? आणि ज्याच्यासाठी तो केला, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो काय?

हे तीन प्रश्न किती महत्त्वाचे आहेत ते समजण्यासाठी आपल्या सुरतेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या डॉक्टर रखमाबाईंच्या खटल्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. रखमाबाई १८९५ च्या सुमारास सुरतेस आल्या आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी येथील स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार पाहिला. ज्या काळी पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे बायका पसंत करीत, त्या काळी या मराठी बाईंनी येथील लेकी-सुनांवर उपचार केले. मात्र डॉक्टर होण्यापूर्वी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

रखमाबाईंचा जन्म १८६४ मध्ये मुंबईस झाला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्यांनी वाचनाची गोडी जोपासली. पुढे दादाजींनी त्यांना नांदावयास बोलाविले. त्यांनी नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पत्नीला पतीच्या घरी जाण्याचा हुकूम व्हावा, अशी त्यांची मागणी होती. कायद्याच्या भाषेत अशा मागणीला दांपत्यहक्कांची पुनःस्थापना म्हणतात. समजू लागण्याच्या आधीच झालेल्या लग्नाने एखाद्या स्त्रीला बांधून घालता येते काय, असा हा जिवंत प्रश्न होता.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये निकाल दिला तो रखमाबाईंच्या बाजूने. त्या निकालात आपला पहिला प्रश्न स्पष्ट दिसतो : हा नियम आला कोठून? पती-पत्नींनी एकत्र राहावे असा हुकूम देण्याची प्रथा हिंदू धर्मशास्त्रातून आलेली नाही. ती इंग्लंडमधील धर्मपीठांच्या न्यायालयांतून इकडे आली आहे, असे त्यांनी दाखविले. शिवाय इंग्लंडातही ती प्रथा पूर्वी एकत्र राहून मग विभक्त झालेल्या जोडप्यांसाठी होती. 'पुनःस्थापना' या शब्दाचा अर्थच मुळी पूर्वी असलेली गोष्ट पुन्हा आणणे असा आहे. जे कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांचे पुन्हा एकत्र येणे कसले? रखमाबाईंची बाजू मांडणाऱ्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. ते नुसते कायदेपंडित नव्हते, संस्कृताचेही व्युत्पन्न विद्वान होते. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले होते, आणि १८८९ मध्ये ते त्याच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

हा निकाल 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेत छापलेला आहे. त्याचा उल्लेख '९ मुंबई ५२९' असा करतात. म्हणजे मुंबई मालिकेचा नववा खंड, पृष्ठ ५२९. हे अंक प्रथम गूढ वाटतात, पण त्यांत काही जादू नाही. पत्रावर जसा घराचा पत्ता, तसा हा निवाड्याचा पत्ता होय. पत्ता बरोबर असला की जगातील कोणत्याही विधिग्रंथालयात तो निवाडा हाती लागतो.

आता कल्पना करा, की एखाद्या विद्यार्थ्याने नववा खंड उघडला, निकाल वाचला, आनंदाने टिपून घेतला आणि खंड मिटला. तो काय समजेल? रखमाबाई जिंकल्या, असे. आणि येथेच तो फसेल. कारण दहावा खंड उघडून पृष्ठ ३०१ पाहिले, म्हणजे त्याच खटल्याचे अपील सापडते. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरविला. हिंदू विवाह विधींनीच पूर्ण होतो, पुढे एकत्र राहणे घडले नाही म्हणून तो अपुरा ठरत नाही, असे त्यांनी म्हटले. असे दावे हिंदुस्थानातील दिवाणी न्यायालयांत चालू शकतात, असा पूर्वनिर्णयही होता. इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात तसे मान्य केले होते. खटला पुन्हा खाली आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : एका महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. देशात आणि इंग्लंडात वृत्तपत्रांतून मोठा वाद माजला. लोकमान्य टिळकांसारखे पुढारी त्यांच्या विरुद्ध लिहीत होते, तर सुधारक त्यांच्या बाजूने. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. पुढल्याच वर्षी रखमाबाई वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडास गेल्या.

या प्रकरणात संशोधकाने लक्षात ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. जेथून ही प्रथा इकडे आली, त्या इंग्लंडात असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ मध्येच रद्द झाली होती. पण आपल्या येथील दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात ती तशीच राहिली, आणि तिच्याच आधारे तीन वर्षांनी एका मराठी मुलीला तुरुंगाची भीती घालण्यात आली. कायदा एका देशातून दुसऱ्या देशात नेला जातो, पण मूळ ठिकाणी त्यात झालेली सुधारणा मागे राहून जाते. ही गोष्ट दोन्ही देशांचे कायदे तारखांसह शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे नियम आज टिकून आहे काय याचे, उत्तर काढण्यासाठी हाच धागा पुढे नेऊ. तुरुंगवासाची तरतूद आपल्याकडे १९२३ मध्ये काढण्यात आली. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेला कलम ९ मध्ये स्थान मिळाले. इंग्लंडने ही प्रथा १९७० मध्ये साफ रद्द केली. आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरविले. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध असल्याचा निर्णय दिला. येथेही १९८३ चा निवाडा वाचून जो थांबेल, तो आपल्या अशिलाला नेमका उलटा सल्ला देईल. म्हणून कायद्याच्या अभ्यासात कोणताही निवाडा हाती आला, की पुढे त्याचे काय झाले हे पाहिल्यावाचून तो वापरू नये, असा दंडक आहे.

याचे एक घरगुती उदाहरण पाहा. फसवेगिरी करणाऱ्याला आपण सर्रास 'चारशेवीस' म्हणतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ते कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि फसवणुकीचा गुन्हा कलम ३१८ मध्ये गेला. भाषेत चारशेवीस राहील, न्यायालयात मात्र नव्या गुन्ह्याला ते चालणार नाही. तथापि त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागू पडते. तेव्हा गुन्हा कधी घडला, हे आधी विचारावे लागते.

माझी मातृभाषा कोंकणी असल्यामुळे गोव्याचेही उदाहरण सहज आठवते. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी १९६२ च्या अधिनियमाने तेथील जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. त्यामुळे लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक मानण्याचा नियम तेथे आजही चालतो. परंतु त्याच संहितेतील वारसाहक्काच्या भागाची जागा गोव्याने स्वतः केलेल्या २०१२ च्या अधिनियमाने घेतली. तो २०१६ मध्ये अमलात आला. म्हणजे एकाच ग्रंथाचे काही भाग जिवंत, काही गेलेले. गोव्याच्या कायद्याचे संशोधन करणाऱ्याला म्हणून पोर्तुगीज भाषाही शिकावी लागते.

सुरतेच्या मराठी कुटुंबांना जवळचा वाटेल असा आणखी एक प्रश्न घेऊ. समजा, शंभर वर्षांपूर्वी पुण्याहून सुरतेस येऊन राहिलेल्या एखाद्या कुटुंबातील कर्ता मुलगा मूलबाळ आणि पत्नी मागे न ठेवता वारला. त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा वारस कोण? आई की वडील? महाराष्ट्र देशी 'मिताक्षरा' या ग्रंथाला मान होता, आणि तिच्याप्रमाणे आधी आई. गुजरात आणि मुंबई बेट येथे नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूख' या सतराव्या शतकातील ग्रंथाला अग्रमान होता, आणि त्याच्याप्रमाणे आधी वडील. मग सुरतेतील पुणेकरांना कोणता ग्रंथ लावावा? न्यायालयांचे उत्तर असे होते, की देशांतर केलेले हिंदू कुटुंब आपला कायदा बरोबर घेऊन येते. त्यांनी नव्या प्रदेशाचा कायदा स्वीकारला असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. यासाठी घरातील लग्न-मुंजी कोणत्या रीतीने होत, उपाध्याय कोठले, हेसुद्धा पुराव्यात येई. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने हा भेद मिटविला, आणि त्याप्रमाणे आई पहिल्या वर्गाची वारस आहे, वडील दुसऱ्या वर्गाचे. पण जुन्या घराच्या मालकीचा वाद निघाला आणि मृत्यू १९५६ पूर्वीचा असला, तर आजही मयूख आणि मिताक्षरा ही पुस्तके कपाटातून काढावी लागतात.

या व्यवहारमयूखाचे संपादन करीत असता भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांना वाटले, की प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा. ती प्रस्तावना वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथ झाली. १९३० ते १९६२ या काळात 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाचे पाच खंड प्रसिद्ध झाले. त्यांची पृष्ठे सहा हजारांहून अधिक भरतात. काणे हे कोकणचे सुपुत्र, व्यवसायाने मुंबईच्या उच्च न्यायालयातील वकील. त्यांच्या ग्रंथाचे कोणतेही पान उघडा, प्रत्येक विधानाखाली त्याचा आधार दिलेला आढळतो. 'शास्त्रात असे आहे' एवढ्यावर ते थांबत नाहीत; कोणत्या शास्त्रात, कोणत्या ठिकाणी, आणि दुसऱ्या ग्रंथात त्याविरुद्ध काय म्हटले आहे, हेही सांगतात. कायद्याच्या संशोधकाला यापेक्षा मोठा गुरू कोठे मिळणार?

आता तिसरा प्रश्न. ज्याच्यासाठी कायदा केला, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो काय? याचे उत्तर ग्रंथालयात मिळत नाही. त्यासाठी वस्तीत जावे लागते. पहिल्या दोन प्रश्नांच्या शोधाला ग्रंथनिष्ठ संशोधन म्हटले, तर याला क्षेत्रीय संशोधन म्हणता येईल. आपल्या शहरात यंत्रमाग आहेत, रंगाईच्या गिरण्या आहेत, हिरे घासण्याचे कारखाने आहेत. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे याच कामांवर जगतात. कायदा म्हणतो, कामगाराला ठरलेले वेतन मिळावे, अपघात झाला तर भरपाई मिळावी. पण मागावर बोट कापले गेले, आणि आपण येथे कामास होतो याचा कागदच हाती नसला, तर ती भरपाई कशी मागावयाची? किती कामगारांना नेमणुकीचा कागद मिळतो? भरपाईचा अर्ज कोठे करावा हे किती जणांना माहीत असते? प्रश्नावली तयार करून, घरोघर जाऊन, सांगणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून ही माहिती मिळवावी लागते. कायदा पुस्तकात उत्तम आहे आणि गल्लीत त्याचा पत्ता नाही, असे आढळले तर तसे लिहिण्याचे धैर्य संशोधकापाशी असावे लागते.

हे सारे शिकावयाचे कोठे? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल. बी. चा अभ्यासक्रम असतो. त्यात कायद्याची ओळख होते आणि निवाडे वाचण्याची सवय लागते. संशोधनाचे खरे शिक्षण सुरू होते ते एलएल. एम. मध्ये. तेथे संशोधनपद्धती हा स्वतंत्र विषय असतो, आणि एका प्रश्नावर लघुप्रबंध लिहावा लागतो. त्यापुढे पीएच. डी. सुरतेत सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीचे व्ही. टी. चोकसी लॉ कॉलेज आहे, तसेच १९६७ मध्ये स्थापन झालेले वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे. गुजराती भाषेचा कोश एकट्याने रचणाऱ्या कवी नर्मदाचे नाव या विद्यापीठास आहे, हे किती उचित!

लघुप्रबंधाचे काम साधारणपणे असे चालते. प्रथम प्रश्न ठरवावयाचा, आणि तो नेमका असावा. 'स्त्रिया आणि कायदा' हा प्रश्न नव्हे, तो समुद्र आहे. '१९५६ नंतर सुरतेतील शेतजमिनीत मुलींची नावे लागतात काय' हा प्रश्न झाला. मग अधिनियमाचा मूळ मजकूर व त्यातील सुधारणा तारखेनिशी पाहावयाच्या. २००५ ची सुधारणा विसरला, तर मुलीच्या वडिलार्जित हक्कासंबंधी लिहिलेले सारे चुकते. पुढे निवाडे, त्यांतही सर्वोच्च न्यायालयाचे आधी. नंतर विद्वानांचे ग्रंथ. शेवटी लिहावयास बसावयाचे, आणि प्रत्येक विधानाचा पत्ता द्यावयाचा. आपल्या मताविरुद्ध जाणारा निवाडा सापडला तर तो लपवावयाचा नाही; त्याला उत्तर द्यावयाचे. विरोधी आधार दडविणे हे न्यायालयात अप्रामाणिकपणाचे, आणि विद्यापीठात नापास होण्याचे कारण आहे.

आज साधने पुष्कळ सुलभ झाली आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे २०२३ पासून संगणकावर विनामूल्य पाहता येतात, आणि त्यांतील अनेकांची भाषांतरे मराठीत व गुजरातीतही मिळतात. पण सोयीबरोबर नवा धोकाही आला आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या काही वकिलांनी संभाषण करणाऱ्या यंत्राकडून निवाडे मिळविले आणि ते न्यायालयात सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते! यंत्राने नावे, तारखा, पत्ते सगळे बेमालूम रचले होते. न्यायाधीशांनी त्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. यंत्र वापरण्यास हरकत नाही. पण मूळ पान स्वतः उघडून पाहण्याचे काम यंत्रावर सोपविता येत नाही.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, या विद्येची तयारी शाळेतच होऊ शकते. तुम्ही घरी मराठी बोलता, रस्त्यात गुजराती, वर्गात हिंदी, इंग्रजी आणि संस्कृतही शिकता. पुष्कळांना हा भार वाटतो. पण जेथे कायदा इंग्रजीत, दस्तऐवज गुजरातीत, साक्षीदार मराठी बोलणारा आणि जुना आधार संस्कृतात, तेथे हाच भार भांडवल ठरतो. निबंध लिहिताना एखादे वाक्य कोठून घेतले ते वहीच्या समासात लिहून ठेवावे. कोणी छातीठोकपणे म्हणाले, "कायद्यातच आहे तसे," तर नम्रपणे विचारावे, "कोणत्या?" आणि उत्तर मिळाले की त्या कायद्याची आजची प्रत पाहावी.

नवव्या खंडात रखमाबाई जिंकल्या, दहाव्यात हरल्या, आणि त्यानंतर जे त्यांनी केले ते कोणत्याच खंडात छापलेले नाही. ते सुरतेच्या रुग्णालयात घडले. परंतु १८८५ मध्ये 'हा नियम आला कोठून' असे एका न्यायासनावरून विचारले गेले, त्या प्रश्नावर पुढे शंभर वर्षे न्यायाधीश, विधिमंडळे आणि अभ्यासक विचार करीत आले. योग्य प्रश्न, योग्य आधारांनिशी मांडणे, हे काम हरलेल्या खटल्यातही वाया जात नाही. तुमच्यापैकी कोणी तरी उद्या हे काम हाती घ्यावे, एवढीच इच्छा.